धुरींच्या दाढीची प्रतिज्ञा

दुर्गाबाई गेल्या त्या दिवसापासून रघुवीर धुरींची दाढी नीट होत नव्हती. चाळीतले लोक म्हणायचे, माणूस खचला. धुरींचं म्हणणं वेगळं होतं. ते म्हणायचे, ब्लेडं बिघडली.

रेझर तोच होता. ब्लेडही त्याच छापाचं, लालबागच्या नाक्यावरच्या अण्णांच्याच दुकानातलं. दुर्गाबाई असताना एक ब्लेड दीड महिना चालायचं आणि दाढी झालेली कळायचीसुद्धा नाही. आता ते पहिल्या दिवशी केस उपटायचं आणि दुसऱ्या दिवशी कातडी सोलायचं. धुरी मिलच्या टाइम ऑफिसात कारकून होते. हजेरीपटावर वाकले की हनुवटीवरचं रक्त नेमकं एखाद्या कामगाराच्या नावावर पडायचं. हेडक्लार्कनं एकदा विचारलं होतं, "धुरी, याचा खाडा मांडलात की खून केलात?"

धुरी पुन्हा अण्णांकडे गेले.

"अण्णा, ब्लेड बदललंत तुम्ही."

"मी कशाला बदलू? कंपनी तीच, कागद तोच."

"मग लागत का नाही?"

"धुरी, वर्षभरात हे तुम्ही सातव्यांदा विचारताय. विलायती घ्या की."

अण्णांनी विलायती पाकिटाची किंमत सांगितली. धुरींनी पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि जिथून उचललं तिथे ठेवलं.

मग त्यांनी रेझर बदलून पाहिला. चोरबाजारातून एक आणला, त्याची मूठ दाढी करता करता सुटून बादलीत पडायची. एका रविवारी ट्रामनं दादरला जाऊन एक जड, चकचकीत रेझर घेतला. दुकानदारानं शपथेवर सांगितलं, "लोण्यासारखी दाढी होईल." पहिल्या दिवशी झालीही. त्याबरोबर फुकट मिळालेलं ब्लेड चौथ्या दिवशी बोथट झालं. मग धुरींनी त्यात अण्णांचं ब्लेड घातलं आणि गालाला तुरटी लावून फोटोपुढे बसले.

फोटो दुर्गाबाईंचा होता. त्यापुढे जाड काचेचा एक ग्लास होता, आणि त्यात धुरी रोज दोन फुलं ठेवत. दुर्गाबाई असताना त्या ग्लासातून पाणी प्यायची कोणालाही मुभा नव्हती. एकदा धुरींनी चुकून त्यात पाणी घेतलं, तर दुर्गाबाईंनी तो हातातून काढून घेतला होता. का, ते धुरींनी विचारलं नाही. बायकांच्या भांड्यांत आपण पडू नये असं त्यांचं मत होतं. ग्लास आतून धुरकट झाला होता. कितीही धुतला तरी तो धुरकटपणा जात नव्हता.

घरी जमेना म्हणून ते गंगाधरच्या सलूनमध्ये गेले. गंगाधरचा हात चांगला होता, पण संयुक्त महाराष्ट्राचा विषय निघाला की तो हात त्याच्या ताब्यात राहत नसे. आणि त्या दिवसांत दुसरा विषय निघतच नसे.

"धुरीशेट, मुंबई तर आपण घेणारच," धुरींच्या गालाला साबण फासत तो म्हणाला. "पण सीमेचं काय? हे बघा, ही तुमच्या कानाखाली निपाणी. इथून खाली आलो की बेळगाव. मान वर करा. आणि हे असं वळून खाली..."

"गंगाधर, सावकाश!"

"...कारवार."

कारवारला रक्त आलं. ते बराच वेळ थांबलं नाही. दोन दिवसांनी बेळगावलाही फोड आला. तेव्हा धुरींनी ठरवलं, कातडी बरी होईपर्यंत वस्तऱ्याचं आणि ब्लेडचं तोंड बघायचं नाही.

तीन आठवडे गेले. दाढी वाढली, आणि ती पांढरी निघाली. एका संध्याकाळी धुरी कामावरून आले तर जिन्याजवळच्या फळ्यापुढे गर्दी. फळ्यावर खडूनं लिहिलं होतं: 'आपल्या चाळीतील ज्येष्ठ रहिवासी श्री. रघुवीर धुरी यांची प्रतिज्ञा. मुंबई महाराष्ट्राला मिळेपर्यंत दाढी करणार नाहीत. त्यांचा आदर्श घ्यावा.'

खाली सही जयवंतची होती. जयवंत चाळीतला समितीचा कार्यकर्ता, आवाज मोठा आणि स्वतःची दाढी गुळगुळीत.

"जयवंता, हे काय रे?"

"काका, तुम्ही बोलला नाहीत म्हणून काय झालं? आम्हाला दिसतं ना."

"अरे, मला ब्लेड लागत नाही म्हणून..."

"हळू बोला!" जयवंतनं इकडेतिकडे पाहिलं. "काका, बाजूच्या चाळीत दोन दाढ्या आहेत. दोन! त्यांच्या रामजीला परवा परळला हार घातला. आपल्या चाळीत अडीचशे माणसं, आणि एक दाढी नाही. तोंड दाखवायला जागा नव्हती."

"पुसून टाक ते."

"आता? सगळ्यांनी वाचलंय, काका."

मुंबई महाराष्ट्रात यायलाच हवी, याबद्दल धुरींच्या मनात शंका नव्हती. मोर्चाला ते गेले होते, लाठीही एक खाल्ली होती. पण त्या कामात आपल्या हनुवटीची काय मदत होणार, ते त्यांना कळेना. मात्र वाद घालायचा तर जोर लागतो, आणि तो त्यांच्यात वर्षभर नव्हता. ते वर गेले आणि भात लावला.

दुसऱ्या दिवसापासून लोक त्यांना नळावर पुढे सोडू लागले. हेडक्लार्क 'अहो' म्हणू लागला. अण्णांनी साबणाच्या वडीचे पैसे घेतले नाहीत. धुरींना हे सगळं ओझ्यासारखं वाटत होतं.

आणि मग वर्षश्राद्ध आलं.

हेरंबभटजी तिथी सांगायला आले. गुरुवार. "मूलबाळ नाही, तेव्हा कर्ते तुम्हीच," ते म्हणाले. "आणि दाढी काढून बसायचं हं. क्षौराशिवाय चालणार नाही."

भटजींनी सांगितलं नसतं तरी धुरींनी दाढी काढलीच असती. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात धुरी एकदा दोन दिवसांची दाढी घेऊन गेले होते. दुर्गाबाईंनी ते पाहिलं. मग म्हणाल्या, "मी असताना ही दशा, मग मागाहून काय? रोज दाढी करत जा. घरात कोणी नसल्यासारखं दिसतं." धुरी हो म्हणाले. आयुष्यात त्यांनी बायकोला पुष्कळ गोष्टींना हो म्हटलं होतं. त्यातल्या बऱ्याच राहून गेल्या. ही शेवटची होती. निदान तिच्या श्राद्धाला तरी तिच्यासमोर असं बसायचं नाही, एवढंच त्यांचं मागणं होतं.

त्यांनी जयवंतला सांगितलं.

"गुरुवारी?" जयवंत किंचाळला. "गुरुवारी संध्याकाळी मैदानावर सभा आहे! प्रतिज्ञावाले पहिल्या रांगेत बसणार. काका, शुक्रवारी करा श्राद्ध."

"तिथी आहे ती, जयवंता. सभा नाही पुढे ढकलायला."

"मग दाढीसकट करा."

बुधवारी धुरी गंगाधरकडे गेले. गंगाधरनं त्यांना दारातच हात जोडले. "शेट, तुमच्या दाढीला मी वस्तरा लावला तर उद्या लोक माझ्या दुकानाला टाळं लावतील. पाया पडतो, दुसरीकडे जा." दुसरीकडेही फळ्याची बातमी पोचलेली होती.

गुरुवारी सकाळी धुरींनी दार लावून घेतलं. पाणी तापवलं, दादरच्या रेझरमध्ये अण्णांचं कोरं ब्लेड घातलं आणि देवाचं नाव घेऊन सुरुवात केली. उजवा गाल होईतो ब्लेड संपलं. दुसरं घातलं, ते मिशीपाशी अडकलं. तिसरं घातलं आणि ओरडले. आरशात एक माणूस दिसत होता, त्याची उजवी बाजू सोललेली, डावी ऋषीसारखी. भटजी यायला तासभर उरला होता. धुरी रेझर खाली ठेवून तसेच बसले. आता ना धड श्राद्धाला बसता येत होतं, ना सभेला.

दार वाजलं. शेजारच्या आनंदीबाई श्राद्धाच्या स्वयंपाकाला आल्या होत्या. धुरींनी तोंडाला पंचा धरून दार उघडलं.

"काय झाला भावोजी? दात दुखता?"

धुरींनी पंचा काढला. आनंदीबाईंनी पदर तोंडावर धरला, पण हसू पदराबाहेर आलंच. मग त्यांचं लक्ष रक्ताकडे गेलं.

"अरे देवा! पाता घासूक नाय काय?"

"काय घासायला?"

"पाता, पाता! ब्लेड. दुर्गा रोज घाशी ता."

"कुठे?"

"गिलासात."

धुरींना काही कळेना. आनंदीबाई सरळ आत आल्या, फोटोला नमस्कार केला, ग्लासातली फुलं काढून ताटलीत ठेवली आणि ग्लास घेऊन मोरीवर बसल्या. ब्लेड ओलं केलं, ग्लासाच्या आतल्या अंगाला बोटानं दाबून धरलं आणि मागेपुढे फिरवायला लागल्या. किर्र, किर्र, किर्र. मग ब्लेड उलटलं, दुसऱ्या बाजूनं तेवढंच. काचेवरचा धुरकट पट्टा नेमका त्यांच्या बोटाखाली होता.

तो आवाज धुरींच्या ओळखीचा होता. अठरा वर्षं रोज सकाळी त्यांनी तो अंथरुणात पडल्यापडल्या ऐकला होता. बायको भांडी घासतेय असं त्यांना वाटायचं.

"नव्या पात्याकसुद्धा दात असतत," आनंदीबाई सांगत होत्या. "रोज घासूचा लागता. आमच्या ह्यांचा पण मीच करतंय. सगळ्याच करतत."

"मला कधी बोलली नाही ती."

"तुमी कधी इचारलात?"

धुरींनी ब्लेड घेतलं. डावा गाल चार मिनिटांत झाला. पुसून हात फिरवला तर काही लागलं नाही. ते पुष्कळ वेळ हात फिरवत राहिले. आनंदीबाई विळी घेऊन उगाच भोपळा बारीक चिरत बसल्या.

श्राद्ध नीट पार पडलं. जेवायला जयवंत आला आणि धुरींचं तोंड बघून पाटावर बसायचाच विसरला. पण कार्यकर्ता हाडाचा होता. तीन वाजता फळ्यावर नवा मजकूर आला: 'धर्मकार्यामुळे श्री. धुरी यांची प्रतिज्ञा एक दिवस स्थगित. उद्यापासून दाढी पूर्ववत.'

सभेला जयवंतनं त्यांना मंडपाच्या खांबाआड बसवलं. सभा संपल्यावर गर्दीतून दोन दाढ्या त्यांच्याकडे आल्या. पुढची दाढी बाजूच्या चाळीतल्या रामजीची होती.

"काका, रागावू नका, एक विचारतो. कुठे केलीत? तोंडावर डाव्या बाजूला एक ओरखडा नाही."

"घरी. अण्णांच्या ब्लेडनं."

"अण्णांच्या?" रामजी जवळ सरकला. "खरं सांगू? आमची कसली प्रतिज्ञा नि काय! ब्लेडनं थोबाड फुटायला लागलं म्हणून सोडून दिली. मग हार घातला हो लोकांनी. आता काढायची कशी?"

"बायको कुठे आहे तुझी?" धुरींनी विचारलं.

"तिचा काय संबंध?"

"कुठे आहे?"

"माहेरी, मालवणला. बाळंतपणाला. चार महिने झाले."

"आणि याची?"

दुसरी दाढी खाली बघू लागली. तिच्या वतीनं रामजी म्हणाला, "भांडून गेलीय."

ग्लासाचं सगळं धुरींच्या तोंडाशी आलं होतं. ते सांगितलं असतं तर दोघांचं काम उद्या सकाळीच झालं असतं. पण मग त्या बायकांना आणायला कोण जाणार?

"तू पत्र टाक," ते रामजीला म्हणाले. "ये म्हणून लिही. " मग दुसऱ्याकडे वळून म्हणाले, "आणि तू स्वतः जा, तिला घेऊन ये."

"आणि दाढी?"

"होईल."

गणपतीच्या आत बाजूच्या चाळीतल्या दोन्ही दाढ्या गेल्या. आपल्या चाळीतलीही वाढत नाही हे बघून जयवंतनं फळा पुसला आणि त्यावर पाण्याच्या वेळा लिहिल्या.

ते सांगायला तो वर आला तेव्हा धुरींची दाढी नुकतीच उरकली होती. ग्लास धुऊन, भरून फोटोपुढे ठेवला होता, फुलं अजून घालायची होती. चार जिने चढून जयवंतला धाप लागली होती. त्यानं समोरचा ग्लास उचलला.

धुरींनी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"त्यात नाही प्यायचं."

"का हो काका?"

धुरींनी त्याला तांब्यातून पाणी दिलं.