गुप्तेकाकांचे ढग

भर मे महिन्यात, दुपारच्या रणरणत्या उन्हात, शेजारचे गुप्तेकाका गॅलरीतून ओरडले, "ढग आले, ढग! गेलं सगळं वाया!" मी धावत गच्चीवर गेले, अर्धे ओले पापड गोळा केले आणि मग वर बघितलं. पनवेलच्या आकाशात औषधालाही ढग नव्हता. ढग ऑस्ट्रेलियात आले होते!

त्याचं असं आहे. काका सरकारी कचेरीतून साहेब म्हणून निवृत्त झाले आणि आता घरबसल्या ऑस्ट्रेलियातल्या एका डोंगरावरची रोबोटिक दुर्बीण चालवतात. आपली दुपार टळते तेव्हा तिकडे रात्र होते. काकांनी इथून कॉम्प्युटरवर हुकूम सोडायचा. ती आपली आपण वळते, ताऱ्याचे फोटो काढते, ढग आले की छप्पर मिटून घेते. लांबच्या ताऱ्यासमोरून त्याचा एखादा ग्रह गेला, की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो. तेवढं पकडायला काका टपून बसतात.

"अहो, उभ्या नोकरीत शिपायानं कधी सांगितल्यावर पंखा लावला नाही," ते म्हणतात. "ही बघा, पहिल्या हाकेला वळते!"

सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी हे सगळं समजावून सांगितलं. आमचे चेअरमन नेऱ्याकडे फार्महाउसचे प्लॉट विकतात. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "काका, तुमच्या त्या ग्रहावर पाण्याची सोय आहे का? आणि एअरपोर्टपासून किती लांब पडेल?"

"पाणी तुमच्या नेऱ्याच्या प्लॉटवर तरी कुठाय?" म्हणून काका तरातरा निघून गेले.

पण जगात एवढ्या दुर्बिणी असताना हीच का? विचारलं की म्हणायचे, "तिथलं आकाश स्वच्छ आहे." खरं कारण काकूंनी सांगितलं. त्याच डोंगराखालच्या गावात त्यांचा मुलगा निखिल राहतो. त्यानं न विचारता तिकडचं नागरिकत्व घेतलं, आणि काकांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. नात झाली, तर तिचा फोटोसुद्धा बघितला नाही. मात्र काकू फोनवर निखिलशी बोलत असल्या, की आतून आवाज यायचा, "आज तिकडे गारठा आहे म्हणावं! आणि मी सांगितलं म्हणून सांगू नकोस!" असा राग यायचा मला या माणसाचा!

गेल्या आठवड्यात दुपारी मी काकूंची वाटी परत द्यायला गेले, तर काका स्क्रीनवर खेकसत होते. दुर्बिणीच्या खोलीबाहेर एक कॅमेरा आहे. तिकडच्या संधिप्रकाशात कोणी माणूस नेमका त्याच्यासमोर येऊन उभा होता. "कोण आहे हा? हो बाजूला!"

काकू पदराला हात पुसत आल्या. "अहो, निखिल आहे. मीच सांगितलं त्याला कॅमेरा कुठे असतो ते."

त्यानं कडेवरची मुलगी उचलून कॅमेऱ्यासमोर धरली. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग एकदम उखडले, "डोक्यावर टोपी नाही पोरीच्या! फोन कुठाय माझा?"

नंबर त्यांना पाठ होता. हॅलो नाही, कसा आहेस नाही. "गाढवा, तिला टोपी घाल आधी!"

स्क्रीनवर निखिलनं फोन कानाला लावला होता. त्यानं स्वतःची टोपी काढून मुलीला घातली. ती तिच्या नाकापर्यंत आली, आणि काका रडता रडता हसायला लागले.