नामदेवतात्या आणि बल्बचं आयुष्य

लाइट गेली की शिरूर कासारच्या आमच्या गल्लीत सगळे मेणबत्ती शोधायचे. शेजारचे नामदेवतात्या मात्र लोकांच्या घरांत शिरून दिव्यांची बटनं बंद करायचे.

"करंट परत येताना झटका देतो, गुरुजी. बल्बचं आयुष्य कमी होतं," असं म्हणत ते थेट माझ्या स्वयंपाकघरात पोचायचे. मी दिवसभर शाळेत ओरडून आलेला. वाद घालायचं त्राण नसायचं.

तात्या साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. तिथं पिवळे बल्ब जाऊन सीएफएल आले, तेव्हापासून हा नाद. सारखा चालू-बंद केला की सीएफएल लवकर जातो, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण त्यापायी त्यांच्या न्हाणीतला दिवा एकदा लागला की झोपेपर्यंत जळायचा. बिलाचं काढलं तर म्हणायचे, "बिलानं बल्ब मरत न्हाई."

कुणाचा बल्ब गेला की ते विचारपूस करायला यायचे. "आधी फडफडत होता का? बूड काळं पडलं होतं?" घरातलं माणूस गेल्यासारखा चेहरा करून आपणही उत्तरं द्यायची.

मग एका वर्षी पाऊस झालाच नाही. ऊस नाही म्हणून कारखाना बंद राहिला आणि तात्या घरी बसले. बायको आधीच वारलेली, लेक धारूरला दिलेली. गल्लीतली निम्मी घरं कुलपं लावून लांबच्या कारखान्यांवर ऊसतोडीला गेली. पाण्याचे हाल म्हणून मीही बायकोपोरांना सासुरवाडीला धाडलं.

समोरच्या घरात म्हातारी सखुबाई एकटी उरली होती. तिचा मुलगा आणि सून तोडीला गेलेले. तात्या रोज तिन्हीसांजेला घर बंद करून तिच्या ओट्यावर जाऊन बसू लागले.

मी विचारलं तर म्हणाले, "दोन माणसांसाठी दोन बल्ब कावून जाळायचे? एका उजेडात दोघं बसत्यात."

"नामदेव बल्बचं सांगतो अन् भाकरी माझी खातो," सखुबाई म्हणाली.

"पीठ कोण आणतं, ते न्हाई सांगायची."

एका संध्याकाळी टँकरच्या रांगेतून दोन घागरी घेऊन मी घरी आलो. चूल पेटवायचा कंटाळा आला होता. दिवा लावून नुसता भिंतीला टेकून बसलो. तात्या दारात येऊन उभे राहिले.

"जेवलात?"

"नाही. भूक नाही."

"मग एकट्यासाठी ह्यो कावून जाळताय? चला."

त्यांनीच बटन दाबलं. मी चपला घालून मागून गेलो. सखुबाईच्या चुलीपुढं तीन ताटल्या मांडून ठेवल्या होत्या.

"बसा, गुरुजी," ती म्हणाली. "नामदेव सकाळीच सांगून गेलता. म्हणला, लेकरं गेल्यापासून गुरुजीच्या घरातून आवाजच येत न्हाई."

तात्या खाली मान घालून भाकरी मोडत होते. मोठा तुकडा त्यांनी माझ्या ताटलीत टाकला.