अप्पांच्या विमानाचं जड शेपूट

मल्लिकार्जुनअप्पांनी श्वास रोखला, दोन्ही हातांचं एकेक बोट विमानाच्या पंखांखाली टेकवलं आणि विमान अलगद उचललं. विमानानं नाक आभाळाकडं केलं, शेपूट खाली घातलं आणि ते घसरत अप्पांच्या पोटावर येऊन टेकलं.

"आं?" अप्पा म्हणाले. "काल संध्याकाळी तर सरळ होतास की रे!"

"कुणाशी बोलायलाव?" देवघरातून सिद्धम्मांनी विचारलं.

"विमानाशी."

"मग चहा कुणाला टाकू? तुमाला, का त्याला?"

पालमच्या बाजारपेठेत त्यांचं किराणा दुकान होतं आणि त्या दुकानाची वडिलांपासून एकच ख्याती होती, ती म्हणजे काटा. साखर चार दाणे जास्त गेली तर जाऊ दे, पण कमी जायची नाही. इलेक्ट्रॉनिक काटा आला तरी वडिलांच्या वेळची पितळी मापं गल्ल्याशेजारी तशीच मांडलेली होती. दिवाळीला त्यांची पूजा व्हायची, त्यांना विभूती लागायची. अशा माणसाच्या बोटांवर एक फोमचं विमान सरळ राहू नये, ही काय साधी गोष्ट झाली?

विमान होतं धनश्रीचं, त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं. लहानपणी ही पोरगी गुळाच्या ढेपेवर बसून जुन्या तराजूकडं टक लावून बघायची आणि "अप्पा, काटा मधी आला!" म्हणून ओरडायची. मग अप्पा तिच्या हातावर एक खारीक ठेवायचे. तीच पोरगी आता बंगळुरात विमानाचे भाग तयार करणाऱ्या कंपनीत होती. गेल्या दिवाळीला ती हे भलंमोठं खोकं घेऊन आली. आत रिमोटवर उडणारं, बॅटरीवर चालणारं, पोटात पंखा असलेलं पांढरं जेट विमान सुटं सुटं भरलेलं. "अप्पा, आपण दोघं मिळून जोडू," ती म्हणाली. एक पंख जोडून झाला आणि ऑफिसचा फोन आला. पोरगी पाडव्याचा फराळ डब्यात घेऊन निघून गेली.

एका पंखाचं विमान कपाटावर चढलं. संक्रांत गेली, शिवरात्र गेली. प्रत्येक सणाला "बघते हं अप्पा" असं ती म्हणायची आणि सण निघून जायचा. अप्पा दुकान बंद करून घरी आले की आधी त्या कपाटाकडं बघायचे. पोरीच्या आठवणीनं जीव तुटतो असं पुरुषानं कुणाला सांगावं? ते सांगायचे, "धूळ बसायलीय त्याच्यावर."

आणि आता बसवजयंतीला धनश्री येणार होती. शनिवार-रविवार, एवढंच. अप्पांनी मनाशी पक्कं केलं होतं की या खेपेला पोरीचा वेळ जोडाजोडीत घालवायचा नाही. विमान तयार पाहिजे. ती आली की दोघांनी माळावर जायचं आणि उडवायचं. त्यांनी व्हिडिओ कॉलवर विचारत विचारत दुसरा पंख बसवला, शेपूट बसवलं, बॅटरी बसवली. शेवटी राहिला तो तोल.

"पंखाखाली दोन टिंबं हायत बघा," धनश्रीनं फोनवर सांगितलं होतं. "बॅटरी आत ठेवून तिथं बोटं लावायची. विमान सरळ राहिलं पाहिजे. नाक जरासं खाली गेलं तर चालतंय, पण शेपूट जड नको. शेपूट जड झालं की उडताना नाक वर करतंय अन् धाडकन् पडतंय."

"अन् शेपूट जड असलं तर?" सिद्धम्मांनी मध्येच तोंड घातलं होतं.

"मग उडवायचंच नाही आई. सगळं काढून परत जुळवायचं. दोन-चार दिवस मोडतात. आणि अप्पा, शेपटीखाली एक बारकं झाकण हाय, ते उघडू नका. आतल्या तारा लय नाजूक हायत."

"आसं होय," सिद्धम्मा म्हणाल्या आणि वाती वळायला बसल्या.

तर अप्पांनी तोल साधला होता. बॅटरी बोटभर पुढं सरकवली आणि विमान बोटांवर असं उभं राहिलं की अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी स्वतःशीच म्हटलं, "काटा मधी आला गं धनू." आणि सकाळी बघतात तर हे असं.

अप्पांनी गाडीची चाकं बॅलन्स करणाऱ्या दुकानातून शिशाचे बारके तुकडे आणले आणि नाकात चिकटवले. विमान सरळ झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेपूट पुन्हा खाली. आणखी शिसं. तिसऱ्या दिवशी परत तेच. आता अप्पांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी विमान काखोटीला मारलं, दुकानात नेलं आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं. काल शिसं घालून याच काट्यावर तोललं होतं, तेव्हाचा आकडा त्यांना तोंडपाठ होता. आजचा आकडा त्याहून जास्त!

"ह्या काट्याला काय झालंय?" अप्पा मोठ्यानं ओरडले. "काल एक दाखवतोय, आज एक दाखवायलाय!"

नेमका तेव्हाच धोंडीबा धनगर चहापत्ती घ्यायला दारात उभा होता. धोंडीबा माणूस सरळ. ऐकलं ते मेंढरांना सांगावं तसं सगळ्यांना सांगायचा, त्यात मीठमसाला घालायचा नाही. त्याला गरजही पडली नाही. तो एसटी स्टँडपर्यंत पोचेस्तोवर अख्ख्या बाजाराला कळलं की मल्लिकार्जुनअप्पांनी स्वतःच्या तोंडानं आपला काटा खोटा असल्याचं कबूल केलं.

दुपारी नर्मदाबाई तूरडाळीची पिशवी घेऊन आल्या आणि ती त्यांनी गल्ल्यावर आदळली. "अप्पा, परत मोजा."

"अहो काकू, काटा खरा हाय. विमान जड व्हायलंय."

"इमान?" नर्मदाबाईंनी मागं बघितलं. मागं रांगच लागली होती. कुणाच्या हातात साखर, कुणाच्या हातात शेंगदाणे. एका बाईंनी तर अर्धी खाल्लेली बिस्किटं आणली होती. समोरच्या दुकानातले भगवानराव मुद्दाम रस्ता ओलांडून आले.

"अप्पा, फिकीर करू नका," ते गळा भरून म्हणाले. "इज्जतीचं काय, आज हाय अन् उद्या न्हाई. तोवर तुमचं गिऱ्हाईक मी सांभाळतो."

मग मात्र अप्पांनी काट्याचं बटण बंद केलं, माळ्यावरचा जुना तराजू काढला आणि पितळी मापं टाकून एकेकाचा माल सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोजला. प्रत्येकाचा भरला. नर्मदाबाईंची डाळ तर मूठभर जास्तच निघाली. ती परत देते म्हणून त्या काही म्हणाल्या नाहीत. भगवानराव रस्ता ओलांडून परत गेले.

पण मग काटा खरा, तर विमान खोटं! अप्पा डोक्याला हात लावून बसले. परत आलेल्या धोंडीबानं विमानाभोवती एक चक्कर मारली, त्याचं पोट चाचपलं आणि गंभीरपणे विचारलं, "अप्पा, मागून जड व्हायलंय म्हणता. गाभण हाय का बगा की."

शनिवारी सकाळी धनश्री नांदेडला रेल्वेतून उतरून एसटीनं पालमला आली. "शरणार्थ अप्पा," म्हणत पाया पडली आणि उठायच्या आधीच तिनं विचारलं, "विमान?" अप्पांचा चेहरा पडला. काट्यावर उभं आयुष्य काढलेला माणूस लेकीला सांगत होता की मला तोल जमला नाही.

धनश्रीनं विमान बोटांवर घेतलं. शेपूट खाली. नाकातलं शिसं बघून तिनं कपाळाला हात लावला. मग तिनं शेपटीखालचं ते बारकं झाकण नखानं उघडलं आणि आत बोट घातलं. आतून विभूतीचा एक गोळा निघाला. मग दुसरा. मग तिसरा.

"आई!" धनश्री पोट धरून हसायला लागली. "अगं, विमानाला पण विभूती?"

"नवीन गाडी आली की आपण लावताव की न्हाई?" सिद्धम्मा म्हणाल्या. "उडणाऱ्या गाडीला तर जास्तच लागती."

धनश्री आंघोळीला गेली तसे अप्पा स्वयंपाकघरात घुसले. "विभूती कपाळाला लावतात की शेपटीत कोंबतात? अन् रोज एक? माझ्या काट्याची इज्जत भर बाजारात गेली, ठावं हाय का तुला?"

सिद्धम्मांनी पोळी तव्यावर टाकली आणि ती उलटायचंच विसरल्या. मग म्हणाल्या, "तुमी रोज नीट करायलाव. नीट झालं की ती उद्या उडवंल, अन् इमान उडालं की पोरगी बी उडाली. दोन-चार दिवस मोडतात म्हणली होती ना ती? मला तेवढेच पायजे होते." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "दिवाळीपासून तिला नजर भरून बगितलं न्हाई मी. तुमाला तुमचा काटा पडलाय."

अप्पांना बोलायचं होतं की आठवण मलाही येते, मी तर विमानाशी बोलतो, पण ते म्हणाले, "पोळी जळायलीय."

धनश्रीला तोल साधायला कितीसा वेळ लागणार? तिनं शिसं काढलं, बॅटरी जागेवर घेतली आणि दुपारच्या चहाआधी विमान तिच्या बोटांवर सरळ उभं राहिलं. "अप्पा, काटा मधी आला!" ती ओरडली, अगदी ढेपेवरून ओरडायची तशी. अप्पांनी खिशातून खारीक काढून तिच्या हातावर ठेवली. ती आठवडाभर खिशात ठेवलेली होती, हे त्यांनी सांगितलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. "हो सर," धनश्री म्हणाली. "उद्या सकाळी एक विमान उडवायचंय, ते झालं की लगेच निघते. सोमवारी ऑफिसात."

सिद्धम्मा तिच्या पिशवीत लोणच्याची बरणी भरायला लागल्या. अप्पा दुकानात गेले. संध्याकाळी गिऱ्हाईक फारसं नव्हतं. ते बराच वेळ त्या पितळी मापांकडं बघत बसले.

रविवारी उन्हाच्या आधी माळावर जायचं म्हणून सगळे तयार झाले. धनश्रीनं निघता निघता सवयीनं विमान बोटांवर घेतलं आणि विमानानं नाक थेट आढ्याकडं केलं. शेपूट आजवर कधी नव्हतं इतकं खाली गेलं.

"अहो," सिद्धम्मा अप्पांच्या कानात घाईघाईनं कुजबुजल्या, "आज मी न्हाई हं! गुरूची शपथ!"

"मला काय ठावं?" अप्पा म्हणाले आणि चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकले. ती चप्पल आधीच नीट होती.

धनश्रीनं झाकण उघडलं. आत बघितलं. एकदा बोटानं चाचपलं. मग तिनं अप्पांकडं बघितलं. उभ्या जन्मात कुणाच्या पारड्यात रतीभर खोटं न टाकलेला तो माणूस खाली वाकून चपलेशी खेळत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. धनश्रीनं आत होतं ते तसंच राहू दिलं आणि झाकण अलगद बंद केलं.

"अप्पा," ती म्हणाली, "शेपूट लय जड हाय. असं उडवता येत नाही. सगळं काढून परत जुळवावं लागंल."

"किती दिवस मोडतील?" खालूनच अप्पांनी विचारलं.

"चार तर कुठंच नाही गेले." तिनं फोन काढला. "सर, सॉरी. विमान अजून तयार नाही."

सिद्धम्मांनी पिशवीतली लोणच्याची बरणी काढून परत फळीवर ठेवली.

सोमवारी सकाळी दुकानात धोंडीबा आला. "अप्पा, पन्नास ग्राम चहापत्ती. त्या मशिनीवर नको, पितळी मापानं द्या." अप्पांनी तराजू लावला आणि मापांकडं हात नेला. शंभरचं होतं, दोनशेचं होतं. शंभरच्या अलीकडची जागा रिकामी होती.

"पन्नासचं माप कुठं गेलं, अप्पा?"

अप्पांनी शंभरचं माप एका पारड्यात टाकलं आणि दुसऱ्यात चहापत्ती ओतायला लागले, काटा मधी येईपर्यंत. "आज शंभर ग्राम घेऊन जा," ते म्हणाले. "पन्नासचं पोरीपाशी हाय."