वर जाणारी एक सायकल

“घेतलेली वस्तू जिथून घेतली तिथंच नेऊन ठेवायची. आणि ठेवताना आवाज करायचा नाही.”

हे सांगणारी आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. तरी कात्री टेबलावर तशीच टाकून उठताना साहेबांच्या कानात तो आवाज अजून यायचा. आवाज यायचा आणि साहेब पुढं निघून जायचे. कात्री मागाहून बायको जागेवर ठेवायची. आईचा शब्द मुलानं कानात जपला होता, सुनेनं हातात. सकाळची प्रार्थना जशी तिनं कधी चुकवली नाही, तसा हा नेमही चुकवला नाही.

साहेब नगरपालिकेत अभियंता होते आणि गावातली सार्वजनिक सायकल योजना ही त्यांची लाडकी लेक होती. गावाची रचना साधी. टेकडीवर घरं, पायथ्याशी बाजार, कचेऱ्या, ग्रंथालय आणि मधे वळणावळणाचा अरुंद रस्ता. वरच्या स्टँडवरून सायकल सोडवून घ्यायची, खालच्या स्टँडवर लावायची. किंवा उलट.

त्या ‘किंवा उलट’नंच घात केला. योजना गावाला मानवेल का हे बघायला साहेब स्वतः सायकलवर बसले होते. वरून निघाले, कानाशी वारा गात होता, ब्रेकही नीट लागत होते. खाली जीप उभीच होती. तिच्यात बसून मागच्या रुंद रस्त्यानं ते वर आले आणि अहवालात लिहिलं, ‘मार्ग अत्यंत सुखद.’ त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त अर्धा रस्ता बघायचा राहिला होता.

योजना सुरू झाली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. कचेऱ्या उघडायच्या आत झाडून सगळ्या सायकली खाली. वरचा स्टँड दात पडलेल्या तोंडासारखा मोकळा. संध्याकाळी सायकलींकडे कोणी ढुंकूनही बघेना. सगळे बसनं घरी. मग एक टेम्पो लावला. तो रोज सायकली भरून वर नेऊ लागला.

“साहेब,” टेम्पोवाला एकदा म्हणाला, “गावाला सायकल चालवायची हौस आहे म्हणता, पण सगळ्यात जास्त चालतोय तो माझा टेम्पो.”

लोकांनी साहेबांचं नाव उतारसाहेब ठेवलं. तेही त्यांनी मनावर घेतलं नाही. पण मग टेम्पोचा क्लच जळाला. आदल्या दिवशी आलेल्या सायकली खालीच राहिल्या. फळवाल्यानं त्यांच्या हँडलांना केळ्यांचे घड लटकवले, शिंप्यानं तयार कपडे टांगले, आणि बँकेच्या दारात सायकलींची अशी भिंत उभी राहिली की मॅनेजरना मागच्या खिडकीतून आत जावं लागलं. मॅनेजर अंगानं भरलेले होते. खिडकी तेवढी रुंद नव्हती.

मोठ्या साहेबांनी दुसऱ्याच दिवशी बैठक बोलावली.

“एकच विचारतो,” मोठे साहेब म्हणाले. “ह्या गावात कोणी सायकल वर नेतं का? नसेल तर आजच कुलूप लावू. आणि ज्यांनी अहवाल लिहिला त्यांना पाणीपुरवठ्याच्या तक्रारखिडकीत बसवू.”

तक्रारखिडकी म्हटल्यावर साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. “नेतात की,” ते बोलून गेले. “नेतात लोक.”

“कोण?”

साहेब छताकडे बघू लागले. तेवढ्यात संगणकावरच्या बाईंनी मान वर केली. “स्टँडच्या नोंदीत नावं नसतात, पण एक सायकल वर जाते सर. रोज संध्याकाळी. सुट्टी सोडली तर एकही दिवस चुकलेली नाही.”

साहेबांचा जीव भांड्यात पडला. “बघा. मी म्हटलं नव्हतं?”

“फक्त वेळ बराच लागतो वर पोचायला,” बाई पुटपुटल्या.

“थांबून थांबून व्यायाम करत असणार. खेळाडू माणूस दिसतोय.”

मोठ्या साहेबांना ही कल्पना फारच आवडली. असा माणूस शोधून त्याचा फोटो चौकात लावला तर बाकीचेही पेटून उठतील. “आजच गाठू त्याला. शेवटच्या वळणावर. पुष्पगुच्छ तुम्ही आणा.”

संध्याकाळी मोठे साहेब, फोटोग्राफर आणि गुच्छ घेतलेले उतारसाहेब वळणावर उभे राहिले. वाट बघता बघता फोटोग्राफरनं दोनदा कॅमेरा पुसला. शेवटी खालून चाकाची किरकिर ऐकू आली. आधी हँडल दिसलं, मग टोपलीतली भाजी, मग पदर खोचलेली, धापा टाकणारी एक बाई. सायकल ती चालवत नव्हती. दोन्ही हातांनी ढकलत होती.

“अहो,” बाई थांबली. “तुम्ही इथं कसे? आणि फुलं कुणाला?”

साहेबांनी गुच्छ पाठीमागं नेला. ती त्यांची बायको होती.

योजना सुरू झाली तेव्हा त्यांनीच तिला म्हटलं होतं, “घरची माणसं बसली नाहीत तर लोक कशाला बसतील?” त्याच शब्दावर ती रोज सायकलनं ग्रंथालयात नोकरीला जाऊ लागली. येते कशी, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ते गावातली कामं बघत बघत जीपनं मागच्या रस्त्यानं यायचे. घरी पोचायचे तेव्हा ती चहा गाळत असायची.

“तुम्ही ही सायकल रोज वर नेता?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“नेते ना. वरूनच घेतलेली असते.”

“पण खाली सोडली तरी चालते, ताई. योजनाच तशी आहे.”

“योजनेत चालत असेल,” ती मऊपणानं म्हणाली. “आमच्या सासूबाईंना चाललं नसतं. आणि टेम्पो बंद आहे. ही पण खालीच राहिली तर सकाळी वरच्या माणसानं काय घ्यायचं?”

मोठे साहेब खाकरले. “अधूनमधून बसून चालवत असालच? एखाद्या सपाट जागी?”

साहेबांनी तिच्याकडे बघून डोळ्यांनी हो म्हण, हो म्हण अशी विनवणी केली. नुसती मान हलवली असती तरी तक्रारखिडकी टळली असती. तिनं ती विनवणी बघितली. नवऱ्याचं पडलेलं तोंडही बघितलं.

“नाही हो,” ती म्हणाली. “सपाट जागा आहे कुठं? हा चढ बसून चढायचा नाहीच. पण सकाळी खाली जाते ना, तेव्हा ह्या वयातही दोन्ही पाय उचलून धरते. एवढं सुख मला ह्या रस्त्यानं आजवर दिलं नव्हतं. मग संध्याकाळी थोडं ढकललं तर काय झालं?”

मोठे साहेब वळणापलीकडचा उतार बघत राहिले. मग त्यांनी साहेबांकडे मोहरा वळवला. “म्हणजे गावाला सायकल हवी आहे. वर आणायला मात्र आपल्यापैकी कुणी तयार नाही. तुम्ही आणाल?”

“आणीन,” साहेब म्हणाले. कसं कोण जाणे, पण म्हणाले. “उद्यापासून.”

फोटोग्राफर तोंड फिरवून हसला. मोठे साहेबही हसले, टेम्पो दुरुस्त होईपर्यंत निर्णय पुढं ढकलला आणि गाडीत बसून निघून गेले. गुच्छ साहेबांच्याच हातात राहिला. इकडेतिकडे बघून त्यांनी तो भाजीच्या टोपलीत ठेवला. लग्नानंतर त्यांनी बायकोला दिलेली ही पहिलीच फुलं, आणि तीही नगरपालिकेच्या खर्चानं.

“राग आला?” तिनं विचारलं.

“अगं, तू सांगितलं का नाहीस कधी?”

“त्यात सांगण्यासारखं काय होतं? कात्रीचं तरी कुठं सांगते?”

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या त्या ‘आणीन’ची कचेरीत कुणी आठवण काढली नाही. मोठे साहेब दौऱ्यावर होते. टेम्पोवाला सांगून गेला होता, उद्या क्लच बसतोय, काळजी करू नका. कचेरी सुटली तशी जीप नेहमीप्रमाणे दारात आली.

“बसा साहेब.”

“तू हो पुढं.”

“चालत येता?” ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं. “चढ आहे, साहेब.”

“माहीत नाही,” साहेब म्हणाले. “आज बघतो.”

खालच्या स्टँडवर एका सायकलीच्या हँडलला केळ्याचा एक घड अजून लटकत होता. तो त्यांनी फळवाल्याला परत दिला, सायकल सोडवली, पँट मोज्यात खोचली आणि ढकलायला सुरुवात केली. पहिल्याच वळणाला धाप लागली. पुढच्या वळणावर खोचलेला पदर आणि टोपलीतली भाजी दिसत होती. घंटी वाजवून तिला थांबवावं म्हणून त्यांचा अंगठा उचलला गेला.

मग आवाज करायचा नाही हे आठवलं. अंगठा मागे घेऊन साहेब तसेच चढू लागले.