फाटक ते थांबा, विनामदत

सहलीसाठी रजा मागितली तर आमच्या प्रयोगशाळेत ती नाकारली जाते आणि सेवेसाठी मागितली तर पगारासकट मिळते. हा भेदभाव नसून धोरण आहे, असं आमचे साहेब सांगतात. समुद्रावर लोळून आलेला कर्मचारी नुसता काळवंडतो. सेवा करून आलेल्या कर्मचाऱ्याचा फोटो भिंतीवर लावता येतो. पाण्याचे नमुने तपासण्यात मी सबंध वर्ष घालवलं होतं आणि आता मला नमुना नसलेलं, मोकळं पाणी बघायचं होतं. तेव्हा आम्ही तिघांनी समुद्राच्या वाटेवरची अंध मुलांची एक निवासी शाळा शोधून काढली. तिघं म्हणजे मी, पिकनिकपासून मयतापर्यंत सगळ्याची सूत्रं आपल्याकडे घेणारा आमचा पुढारी, आणि टेकायला जागा मिळाली की झोपणारी झोपाळू. सकाळी सेवा, दुपारी समुद्र. "एका पेट्रोलमध्ये पुण्यही आणि पोहणंही," असं पुढाऱ्याने गाडीत जाहीर केलं. झोपाळूने झोपेतच मान हलवून ठराव संमत केला.

शाळेच्या फाटकाशी आमच्या अंगावर स्वयंसेवकांची पिवळी जाकिटं चढवण्यात आली. आत पाहिलं तर सगळं आवार पिवळं होतं. मुख्याध्यापिका बाई जरा ओशाळून म्हणाल्या, "मुलं कमी पडतायत हो यंदा." पंगतीला ताटं कमी पडल्यावर यजमानीण बोलते, अगदी त्या सुरात.

पगारी सेवारजेचं धोरण फक्त आमच्याच साहेबांचं नव्हतं, एवढाच याचा अर्थ. दोन पदार्थ एकत्र केले आणि त्यातला एक जास्त झाला, तर जास्तीचा भाग तसाच उरतो, असं आम्हाला शिकवलं होतं. मदतीचं तसं नाही. ती उरत नाही, दुसरं काहीतरी धरते. मुलं न मिळालेल्या स्वयंसेवकांनी बागेला इतकं पाणी घातलं होतं की झाडं कुजली होती. व्हरांड्याच्या भिंतींवर रंगाचे इतके थर चढले होते की व्हरांडा अरुंद झाला होता. मुलांना पाठ असलेलं अंतर दर सुट्टीत थोडं थोडं चुकायचं, मग कोणाचा तरी खांदा आपटायचा, आणि खांद्याला मलम लावायला पुन्हा स्वयंसेवक हजर असायचे.

आम्हा तिघांत मिळून एक मुलगी देण्यात आली. वय असेल अकरा-बारा, काळा चष्मा, दोन घट्ट वेण्या, हातात पांढरी काठी. वर्गाची मॉनिटर होती म्हणून सगळे तिला मॉनिटरच म्हणत. तिने आधी आमची हजेरी घेतली. झोपाळूच्या श्वासावरून तिने ओळखलं की ही उभ्याउभ्या झोपली आहे. "यांना बाकावर बसवा, नाहीतर पडतील," ती मला म्हणाली. मग, कंडक्टर तिकिटं विचारतो तसं तिने विचारलं, "तुम्हाला फोटोत काय हवंय? झाडाच्या पानाला हात लावून मी हसायचं, की तुमच्या चेहऱ्यावरून हात फिरवायचा? चेहऱ्याला वेळ लागतो. आज मला घाई आहे."

घाईचं कारण तिने चालता चालता सांगितलं. आज तिची परीक्षा होती. शाळेच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंत एकटीने, काठीच्या आधाराने चालत जायचं. पास झाली तर सुट्टीला एकटीने बसने घरी जाण्याची परवानगी मिळणार होती, तीही आजच्याच बसने. घरी तिला नवा भाऊ झाला होता. त्याचं रडणं तिने फोनवर ऐकलं होतं. तो प्रत्यक्षात एवढाच मोठ्याने रडतो की फोनमुळे तसं वाटतं, हे तिला तपासायचं होतं. आई बाळंतीण, वडील ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर. न्यायला येणारं कोणी नव्हतं. नापास झाली तर सुट्टीभर मुक्काम शाळेत, म्हणजे आमच्यासारख्यांच्या ताब्यात.

"मग घाबरायचं काय? रस्ता तर पाठ असेल," मी म्हणाले.

"रस्त्याचा त्रास नाहीये, ताई. वाटेत कुणाचा हात लागला तर परीक्षा रद्द होते."

ती दोनदा नापास झाली होती, आणि दोन्ही वेळा दयेमुळे. पहिल्यांदा एका दंतवैद्याने तिला दंडाला धरून रस्त्यापलीकडे पोचवलं. तिला पलीकडे जायचंच नव्हतं. दुसऱ्यांदा मधुचंद्राला निघालेल्या एका जोडप्याने तिला चक्क उचललं. नवऱ्याने पाय धरले होते, बायकोने काठी.

मी पुढाऱ्याला हाक मारली. हा प्रश्न संघटनेचा आहे, असं त्याने तत्काळ ओळखलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना स्वयंसेवक उभे करायचे आणि कोणालाही मदत करू द्यायची नाही, अशी त्याची योजना होती. बाईंना ती फार आवडली. मुलं कमी पडत असताना एका मुलीत एवढी माणसं बसवता येतील, हे आजवर त्यांना सुचलं नव्हतं. लगेच घोषणा झाली, 'मदत न करण्याची सेवा' सुरू होत आहे, इच्छुकांनी रांग लावावी. बघता बघता फाटकापासून थांब्यापर्यंत पिवळी भिंत उभी राहिली. मदत न करण्याचा सराव म्हणून सगळे टाळ्या वाजवू लागले.

"आता मला गाड्याच ऐकू येत नाहीयेत," मॉनिटर म्हणाली. शांत राहायला सांगितलं, तेव्हा सगळे एकमेकांना मोठ्याने शांत करू लागले. शिवाय मदत न करण्यात ज्यांचा नंबर लागला नव्हता, ते मदत करायच्या तयारीने भिंतीमागे उभे होतेच.

तेवढ्यात त्या गर्दीतून एक बाई आल्या. पिवळं जाकीट, डोळ्यांवर काळी पट्टी, हातात काठी. त्या खांबावर आपटल्या, खुदकन हसल्या, कचऱ्याच्या डब्याला सॉरी म्हणाल्या आणि पुढे गेल्या. कोणी जागचं हललं नाही. हा शाळेचा सगळ्यात लोकप्रिय उपक्रम होता: 'अंधत्वाचा अनुभव'. फाटकावर पाटी होती, 'अनुभव घेणाऱ्यांना कृपया मदत करू नये. अनुभव बिघडतो.'

मी पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग अंगातलं जाकीट काढून मॉनिटरच्या अंगात घातलं, तिचा चष्मा उतरवला आणि पाटीखाली ठेवलेल्या काळ्या पट्ट्यांतली एक तिच्या डोळ्यांवर बांधली.

"कान नका झाकू," ती म्हणाली. गाठ मारताना मी खुळ्यासारखं विचारलं, "काही फरक पडतोय का गं?"

"हो ना, ताई," ती गंभीरपणे म्हणाली. "एकदम अंधार झाला."

क्षणभर मला वाईट वाटलं. मग तिच्या गालाला पडलेली खळी दिसली.

ती निघाली. पिवळी भिंत बाजूला सरकली. कोणी हात लावला नाही, कोणी हळहळलं नाही. एक आजोबा तर म्हणाले, "काठी धरायची पद्धत चुकतेय या पोरीची. खऱ्या अंधांचं बघून शिका जरा." ती थांबली, त्यांचे आभार मानले आणि पुढे चालू लागली.

परीक्षार्थीला सामान न्यायची मुभा नव्हती, म्हणून तिची पिशवी माझ्याकडे होती. पिशवीने हात अडकले होते, म्हणून तिचा चष्मा मी माझ्याच नाकावर ठेवला. तिच्या काठीच्या टोकावर नजर खिळवून, दुसरीकडे कुठेही न बघता, मी थोडं अंतर राखून मागे चालत होते. अंगात जाकीट नव्हतं. मी दगडाला अडखळले.

तत्क्षणी माझा दंड पकडला गेला. भरघोस मिशांचे एक काका होते, दुसऱ्या हातात फोटोसाठी फोन उंच धरलेला. त्यांची पकड शाळेत कधीच न मिळालेल्या मुलाची वाट बघून बघून घट्ट झालेली होती.

"काका, सोडा. मला दिसतं."

"दिसतं गं बाळा," ते सद्गदित होऊन म्हणाले. "मनाच्या डोळ्यांनी तुम्हाला सगळं दिसतं."

त्यांनी मला रस्त्यापलीकडे नेलं. थांबा अलीकडे होता. तिथे मॉनिटर परीक्षकांसमोर उभी होती आणि ते विचारत होते की परीक्षार्थी कुठे आहे. "मीच ती," ती म्हणाली आणि तिने पट्टी काढली. परीक्षक चिंतेत पडले. डोळ्यांवर पट्टी असताना उमेदवाराला दिसत नव्हतं हे प्रमाणित कसं करायचं, असा पेच त्यांनी उभा केला. मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं की ती जन्मांध आहे. तो मागचा इतिहास झाला, परीक्षक म्हणाले, प्रश्न आजचा आहे.

"सर, कुणाचा हात लागला का?" मॉनिटरने विचारलं.

परीक्षकांनी नियम आठवला. नियमात हात होता, पट्टी नव्हती. मान खाली घालून त्यांनी तिला पास केलं, आणि तेवढ्यात बस आली.

पिशवी माझ्याकडे होती. मी पलीकडून ओरडले. काकांनी माझी पाठ थोपटली आणि मला दोन ताईंच्या स्वाधीन केलं. त्यांनी मला परत अलीकडे आणलं, पण सावकाश, प्रत्येक खड्ड्याचं वर्णन करत. मी पोचले तेव्हा मॉनिटर बसच्या दारात उभी होती. माझा आवाज ऐकून तिने हात पुढे केला.

"इकडे, ताई. सांभाळून, पायरी आहे." पिशवी आणि चष्मा घेऊन ती म्हणाली, "सवय होईल. त्यांना मध्येच सोडा म्हणू नका, जास्त घट्ट धरतात."

बस गेली. समुद्रावर पोचेपर्यंत माझ्या दंडावर चार बोटं आणि एक अंगठा निळे पडले होते. पुढारी 'मदत न करण्याच्या सेवे'ची शाखा आपल्या गावात कशी काढता येईल यावर बोलत होता, आणि झोपाळू वाळूत झोपली होती. सेवेनंतर विश्रांती हवीच.

काकांनी तो फोटो त्याच दिवशी सगळीकडे टाकला. काळा चष्मा घातलेली मी, माझ्या दंडाला धरलेले ते, आणि खाली ओळ: 'आज मी पाहायला शिकलो.' बदामांचा पाऊस पडला आहे. त्यांत तुमचाही आहे. मी नाव वाचलं. तुम्ही लिहिलंय, 'किती निर्मळ हसते आहे पोर.'

मी हसत नाहीये. मी 'सोडा' म्हणतेय.