धक्क्याचा अध्यक्ष

सत्त्याहत्तरच्या एप्रिलात, ऐन दुपारी, आर्वीहून तळेगावला निघालेली बस माळावर बंद पडली. पहाटेपासून उभा असलेला कंडक्टर प्रेमदास घाम पुसत म्हणाला, "उतरा सारे. धक्का मारा लागते."

"हुकूम सोडून राह्यला का?" रिटायर झालेले मास्तर अण्णाजी जागेवरूनच कडाडले. "मागच्याच महिन्यात हुकूमशाही घरी धाडली आमी. मत घे!"

प्रेमदासने मत घेतलं. धक्का मारावा, यावर बत्तीसच्या बत्तीस हात वर झाले. त्याला बरं वाटलं. मग कोणी मारावा, हा प्रश्न निघाला आणि सगळे खिडकीबाहेर पाहू लागले. म्हाताऱ्यांना सूट मिळाली, बायांना मिळाली. धोतरवाल्यांनी मागितली तेव्हा पायजमेवाले चिडले. शेवटी सात जण उतरले. पण 'एक, दोन, तीन' कोणी म्हणायचं यावरून त्यांच्यात दोन पक्ष पडले. दोघांचे 'तीन' वेगवेगळ्या वेळी झाले, गाडी जागची हलली नाही. एकमेकांवर खापर फोडून दोन्ही पक्ष एकाच बाभळीच्या सावलीत जाऊन बसले.

"लेकरू उन्हात करपून राह्यलं, अन् याहिची सभा सरत नाई," असं प्रेमदासकडे पाहून म्हणत सूट मिळालेली म्हातारी अनुसयाबाई तेवढी खाली आली. तिनं आणि प्रेमदासने खांदा लावला. पुढे थोडा उतार होता. गाडी घरंगळली, इंजिन धडधडलं. बाभळीखालचे सगळे धावत चढले, जाता जाता त्यांनी अनुसयाबाईलाही वर ओढलं. थांबलो तर पुन्हा बंद पडेल, या धास्तीनं ड्रायव्हर बबनरावांनी गाडी तशीच दामटली. प्रेमदास रस्त्यावरच राहिला.

शिट्टी वाजवायलाही त्याच्यात दम नव्हता. पण फर्लांगभरावर गाडी थांबलेली दिसली. माणसं वाईट नाहीत, बोलतात फक्त फार. तो पाय ओढत धावला.

अण्णाजी दारात हात जोडून उभे होते. "अभिनंदन! धक्का समितीचा अध्यक्ष म्हणून तुले निवडलं आमी."

"म्हंजे... माह्यासाठी नाई थांबले तुमी?"

"इंजिन पुन्हा गेलं ना! चाल, लाग कामाले. प्रचंड बहुमत आहे तुह्या मागं. विरोधात फक्त एकच मत पडलं."

"ते माह्यं," अनुसयाबाई म्हणाली, आणि अण्णाजींना बाजूला सारून पायरी उतरू लागली.