एकदाही न विझलेला दिवा

घरात आजोबांचा दरारा होता तो एका वाक्यामुळे: "दिवा कोणी चालू ठेवलाय?" सून बाळाचे वाळलेले कपडे काढायला दोन मिनिटं बाहेर गेली, तरी तिच्या मागे बटण खट् वाजायचं. नात चार वर्षांची झाली तसं त्यांनी बटणांखाली एक स्टूल आणून ठेवलं आणि तिला शिकवलं, "खोलीतून बाहेर पडताना काय करायचं?"

"खट् करायचं."

दूध प्यायचं ती विसरायची, चप्पल घालायची विसरायची. हे मात्र कधीच नाही.

गंमत अशी की, या आजोबांची नोकरी एक दिवा चालू ठेवण्याची होती. शहरातल्या पहिल्या वीजघराचं आता संग्रहालय झालं होतं आणि ते तिथले व्यवस्थापक होते. जुना डायनामो, तारायंत्र, बरणीएवढ्या बॅटऱ्या, आणि शेवटच्या खोलीत काळ्या वायरला लोंबणारा, कोळशाच्या तारेचा बल्ब. वीजघर सुरू झालं त्या दिवशी लागलेला. वीज गेली तरी तो बॅटरीवर चालायचा. "एकदाही न विझलेला," असं आजोबा एकवीस वर्षं शाळेच्या मुलांना सांगत आले होते, आणि सांगताना दर वेळी त्यांचा गळा थोडा भरून यायचा.

त्या दिवशी वीजघराला शंभर वर्षं होत होती. चार वाजता पाहुणे येणार होते. सुनेला बाळाला घेऊन डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून नात आजोबांबरोबर आली. त्यांनी तिला दिवा दाखवला, तेवढ्यात खुर्च्यावाल्याने हाक मारली. "चल गं," म्हणत ते पुढे गेले. ती जरा वेळाने आली. चेहरा खुललेला.

"आजोबा, मी खट् केलं."

"शहाणी गं माझी," ते सवयीने म्हणून गेले. मग हातातली खुर्ची त्यांच्याच पायावर पडली.

खोलीत अंधार. बटणाखाली आजोबांचं बसायचं स्टूल, बटणावर 'हात लावू नये' ही पाटी. तिची अक्षरओळख अजून व्हायची होती. आजोबांनी बटण दाबलं. बल्ब एकदा लख्ख झाला, आत काहीतरी टिचलं आणि संपलं.

"कोणी सांगितलं होतं तुला हे?" ते इतक्या जोरात ओरडले की बाहेरचा खुर्च्यांचा आवाज थांबला.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हीच," ती म्हणाली, आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. रडली असती तर बरं झालं असतं.

तिला घेऊन ते विजेच्या सामानाच्या दुकानात गेले.

"कोळशाच्या तारेचा बल्ब?" दुकानदार हसला. "काका, तो आता कुठला मिळतोय? वीजघरात एक आहे, जाऊन बघा. अजून जळतो म्हणतात."

परत येऊन आजोबांनी आधीच्या व्यवस्थापकांना, शहाऐंशी वर्षांच्या अण्णांना फोन लावला.

"अण्णा, दिवा गेला. माझ्यामुळे."

अण्णांनी हळू आवाजात विचारलं, "कितवा?"

"कितवा म्हणजे?"

"डायनामोमागचं लोखंडी कपाट. खालचा खण. बुटांचं खोकं आहे."

खोक्यात तीन बल्ब निघाले. दोन गेलेले, एक धड. गेलेल्यांना चिठ्ठ्या बांधल्या होत्या. एक अण्णांच्याही आधीच्या कुणाच्या अक्षरात: 'रंगारी आला होता.' दुसरी अण्णांच्या: 'सौ. डबा घेऊन आली होती. जाताना बंद करून गेली. चांगली सवय.'

आजोबांना हसू आलं. एकवीस वर्षं आपला गळा उगाच भरून येत होता तर. त्यांनी धड बल्ब लावला, बटण अलगद दाबलं, आणि तिसरी चिठ्ठी लिहिली: 'नात, वय चार. शिकवलं तसं वागली. चूक माझी.'

चार वाजता प्रमुख पाहुण्यांनी मान वर करून विचारलं, "खरंच एकदाही विझला नाही?"

आजोबांनी नातीकडे पाहिलं. हात अजून पाठीमागेच होते.

"विझलाय की. तीनदा," ते म्हणाले.

पाहुण्यांना तो विनोद वाटला. टाळ्या पडल्या.

संध्याकाळी घरी नात खेळ आवरून खोलीतून बाहेर पडली. स्टुलाला वळसा घालून.

"खट् नाही करायचं?" आजोबांनी विचारलं.

"नको. तुम्ही ओरडता."

"आता नाही ओरडणार."

तिने जरा विचार केला. "तरी नको."

ती निघून गेली. आजोबांचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मग ते त्या छोट्या स्टुलावर, दिव्याखाली, बसून राहिले.

बाळाला खांद्यावर थोपटत सून दारावरून गेली. "दिवा कोणी चालू ठेवलाय?"

"मी," आजोबा म्हणाले. "राहू दे. ती येईल बंद करायला."